हिप्पींबद्दल वाचायचंय, सुरुवात कुठून करू? आणि त्यांचं आज नेमकं काय उरलंय?

तळटीप

नमस्कार मंडळी. गेले काही महिने हिप्पी चळवळीबद्दल हाताला लागेल ते वाचतेय, पण जितकं वाचावं तितका गोंधळ वाढतोय म्हणून इथे विचारते. आमच्या घरी हिप्पी म्हटलं की आईच्या पिढीला 'हरे रामा हरे कृष्णा'मधली झीनत अमान आणि चिलीम एवढंच आठवतं, आणि नेटवर बघावं तर वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवातला चिखल, केसात फुलं, रविशंकरांची सतार. दुसऱ्या टोकाला जोन डिडियन यांचा १९६७ चा सॅन फ्रान्सिस्कोवरचा लेख वाचला, त्यात पाच वर्षांची एक मुलगी भेटते जिला तिच्या आईनेच एलएसडी हे भास घडवणारं ड्रग दिलेलं असतं. तो वाचून झाल्यावर बराच वेळ काही सुचेना.

पण या दोन्ही चित्रांत मला हवं ते सापडत नाहीये. हे लोक रोज जगायचे कसे? भाडं कोण भरायचं, स्वयंपाक कोण करायचं, कोणी आजारी पडलं तर कुठे न्यायचे? आणि दुसरा प्रश्न, ऑर्गॅनिक भाजी, योगा, पर्यावरण, कॉम्प्युटर सगळं हिप्पींमुळे आलं असं सरसकट लिहिलेलं असतं, ते खरंच कितपत? कोणी नीट वाचलं असेल तर पुस्तकं सुचवा, पण त्याहून जास्त म्हणजे वाचून तुमचं काय मत झालं ते सांगा.

---

जुनापुस्तकवाला

एक तर वुडस्टॉकपासून सुरुवात करू नका. वुडस्टॉक ऑगस्ट १९६९ चं, आणि तोवर जिथे हे सगळं उभं राहिलं त्या सॅन फ्रान्सिस्कोच्या हाइट-अ‍ॅशबरी वस्तीतली बरीच मूळ माणसं पांगलेली होती. सुरुवात १९६६-६७ च्या हाइटपासून करा, तुमच्या भाड्याच्या प्रश्नाचं उत्तरही तिथेच आहे.

त्या वस्तीत मोठमोठी जुनी व्हिक्टोरियन लाकडी घरं होती आणि ती स्वस्तात भाड्याने मिळायची, कारण शेजारच्या पॅनहँडल नावाच्या पट्टीवजा बागेतून हायवे काढायचा सरकारी बेत कित्येक वर्षं लटकून पडला होता, त्यामुळे घरमालक डागडुजीवर पैसा घालत नव्हते आणि ज्यांना परवडत होतं ते निघून चालले होते. लोकांनी विरोध करून करून १९६६ मध्ये तो हायवे रद्द करवला, पण तोपर्यंत विद्यार्थी, नट, गाणारे अशी पोरं आठ-आठ दहा-दहाच्या घोळक्याने एकेका घरात राहायला आलेली होती. म्हणजे या सगळ्याच्या मुळाशी एक रखडलेला रस्ता आहे, आणि मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण विचार कितीही मोठा असला तरी त्याला आधी स्वस्त छप्पर लागतं.

आता जेवणाचं. तिथे 'डिगर्स' नावाचा एक गट होता, सॅन फ्रान्सिस्को माइम ट्रूप या नाटक कंपनीतून बाहेर पडलेली मंडळी. नाव घेतलं होतं सतराव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या डिगर्सचं, ज्यांनी १६४९ मध्ये पडीक सार्वजनिक जमीन नांगरून पीक सगळ्यांचं असं जाहीर केलं होतं. हे हाइटमधले डिगर्स १९६६ च्या शरद ऋतूपासून रोज दुपारी चारला पॅनहँडलमध्ये फुकट जेवण वाढायचे. बाजारातून उरलेली भाजी, मटण गोळा करायचं, त्याचा रस्सा करून दुधाच्या मोठाल्या कॅनमधून आणायचा. आणि वाढायच्या जागी माणसाच्या दुप्पट उंचीची पिवळी रंगवलेली एक लाकडी चौकट उभी करून ठेवलेली असायची, जेवण हवं असेल त्याने त्या चौकटीतून पलीकडे यायचं. नाव नाही विचारायचं, रांगेत ओळखपत्र नाही, 'गरीब आहेस का' हा प्रश्न नाही. पलीकडे आलास की तू त्या जगातला झालास, इतकंच. पुढे ऑल सेंट्स चर्चच्या स्वयंपाकघरात ते कॉफीच्या रिकाम्या डब्यांत गव्हाचे ब्रेड भाजायला लागले, गोल उंच ब्रेड, आणि कृती छापून वाटायचे. एक 'फ्री स्टोअर'ही होतं जिथे सगळंच फुकट. पैसे घ्यायचे नाहीत आणि आपलं नावही पुढे करायचं नाही हा त्यांचा नियम होता, वार्ताहर आला की कोणीही कोणाचंही नाव सांगायचं.

आजारपणाचं उत्तर म्हणजे हाइट-अ‍ॅशबरी फ्री क्लिनिक. डॉ. डेव्हिड स्मिथ या तरुण डॉक्टरने ७ जून १९६७ ला सुरू केलं, कारण उन्हाळ्यात देशभरातून पोरं येऊन धडकणार हे सगळ्यांना दिसत होतं आणि शहराचं आरोग्य खातं हात वर करून बसलं होतं. त्या उन्हाळ्यात लाखभराच्या आसपास मुलं आली असं साधारण धरतात. कावीळ, गुप्तरोग, पायाच्या जखमा, आणि एलएसडी घेऊन घाबरून गेलेले पेशंट, ज्यांना बेड्या न घालता शांत खोलीत बसवून बोलत बोलत खाली आणायचं ही पद्धत तिथे रुळली. उपचार हा हक्क आहे, मेहेरबानी नाही, हे त्यांचं घोषवाक्य. त्याच्या पाठोपाठ अमेरिकेत ठिकठिकाणी अशी फुकट क्लिनिकं निघाली. मला विचाराल तर हिप्पींचा सगळ्यात खरा वारसा हा आहे, पण तो पोस्टरवर छापता येत नाही म्हणून कोणी बोलत नाही.

आणि वस्तीतल्याच लोकांनी ६ ऑक्टोबर १९६७ ला 'हिप्पी मेला' म्हणून अंत्ययात्रा काढली, खरोखरची शवपेटी खांद्यावर घेऊन. कॅलिफोर्नियात एलएसडीवर बंदी आली त्याला बरोबर एक वर्ष झालं होतं त्या दिवशी. टीव्ही आणि टूरिस्ट बसने आपला तमाशा केलाय, आता येऊ नका, आपापल्या गावी काहीतरी उभं करा, असं त्यांना सांगायचं होतं.

वाचायला पीटर कोयोटी यांचं 'स्लीपिंग व्हेअर आय फॉल' घ्या, १९९८ चं. स्वतः डिगर्सपैकी, नंतर नट झाले, 'ई. टी.'मध्ये आहेत, आणि व्हिएतनाम युद्धावरच्या केन बर्न्सच्या मालिकेतला निवेदनाचा आवाज त्यांचाच. स्वतःच्या हेरॉइनबद्दलही सरळ लिहिलंय.

---

रिकामा_कप

जुनापुस्तकवाला, दंडवत घ्या. हायवेचं माहीत नव्हतं.

कॉम्प्युटरच्या बाजूचं मी सांगतो, माझं रोजचं काम त्याच क्षेत्रातलं. लोक इथे नेहमी स्टीव्ह जॉब्सपाशी येऊन थांबतात, २००५ चं स्टॅनफर्डचं भाषण, 'स्टे हंग्री स्टे फूलिश' वगैरे. ते वाक्य १९७४ च्या 'होल अर्थ एपिलॉग'च्या मागच्या कव्हरवरचं. पण ज्या 'होल अर्थ कॅटलॉग'ची ती पुढची आवृत्ती तो आधी बघाच, वर्णन वाचून कळत नाही. स्टुअर्ट ब्रँड आणि त्याची बायको लोइस यांनी १९६८ मध्ये मेन्लो पार्कमध्ये काढला, वर्तमानपत्राएवढी मोठी पानं, आणि आत काय तर विहीर खणायचं पुस्तक, शेळ्या पाळायच्या कशा, घुमटाकार घर कसं बांधायचं, वेल्डिंग, सायबरनेटिक्स, हातमाग, प्रत्येकासमोर किंमत आणि कुठे पत्र टाकलं की मिळेल तो पत्ता. जी पोरं शहर सोडून रानात कम्यून, म्हणजे सगळं सामायिक ठेवणारी वस्ती, काढायला निघाली होती त्यांच्यासाठी. वाचकच पत्र लिहून कळवायचे की हे अवजार भंगार आहे, ते घ्या, आणि ते पुढच्या अंकात छापलं जायचं. आज आपण कुठलीही वस्तू घ्यायच्या आधी लोकांचे रिव्ह्यू वाचतो, ती सवय मला तिथे आधीच दिसते.

पण मला सगळ्यात आवडलेली गोष्ट फ्रेड मूरची. १९७१ मध्ये ब्रँडने कॅटलॉग बंद केला आणि सॅन फ्रान्सिस्कोत शेवटची पार्टी दिली, आणि तिथे जमलेल्या लोकांसमोर वीस हजार डॉलर रोख ठेवले, म्हणाला याचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. रात्रभर वाद, लोक एकेक करून माइकपाशी येतायत, पैसे हातोहात फिरतायत. त्यात हा फ्रेड मूर, युद्धविरोधी कार्यकर्ता, ज्याने १९५९ मध्ये बर्कलीत सक्तीच्या लष्करी शिक्षणाविरुद्ध उपोषण केलं होतं, तो सांगत होता की पैशाने काही होत नाही, माणसं जोडली गेली पाहिजेत. पहाटेपर्यंत थोडेच लोक उरले आणि उरलेले पैसे त्याच्याच ताब्यात आले, ज्याला ते नकोच होते. याच मूरने पुढे मार्च १९७५ मध्ये गॉर्डन फ्रेंचच्या जोडीने होमब्रू कॉम्प्युटर क्लब सुरू केला, फ्रेंचच्या गॅरेजमध्ये, आणि पहिल्याच मीटिंगला अ‍ॅपलचा एक संस्थापक स्टीव्ह वॉझ्नियाक हजर होता, अ‍ॅपलचा पहिला कॉम्प्युटर त्या क्लबमध्ये दाखवायला म्हणून घडला. सर्किटच्या आकृत्या एकमेकांना फुकट द्यायच्या ही क्लबची रीतच होती. जॉन मार्कॉफ यांच्या पुस्तकात हे सगळं आलंय, आणि फ्रेड टर्नर यांचं 'फ्रॉम काउंटरकल्चर टू सायबरकल्चर' (२००६) जास्त खोल आहे, थोडं जड जातं पण सोडू नका.

---

शून्यवेळ

माझं मत जरा वेगळं आहे आणि ते मांडतो कारण हा धागा एका बाजूला झुकायला नको.

कॉम्प्युटरचा पैसा कुठून आला हे बघा. संगणक संशोधक डग्लस एंगलबार्टने ९ डिसेंबर १९६८ ला माउस, स्क्रीनवरचं एडिटिंग हे सगळं सॅन फ्रान्सिस्कोत करून दाखवलं, ब्रँड त्यावेळी कॅमेऱ्याच्या कामाला होता हे खरं, पण त्या प्रयोगशाळेला पैसे देणारं अमेरिकेचं संरक्षण खातं होतं. इंटरनेटचंही तेच. हिप्पींनी त्याला एक भाषा दिली, की हे यंत्र तुम्हाला मोकळं करेल. ती भाषा नंतर कंपन्यांना फार उपयोगी पडली.

आणि जाहिरातवाल्यांनी हिप्पींची चळवळ चोरली असं जे म्हणतात तेही अर्धवट आहे. थॉमस फ्रँक यांचं 'द कॉन्क्वेस्ट ऑफ कूल' (१९९७) वाचा. ते दाखवतात की अमेरिकन जाहिरात धंद्यात नियम मोडायचं वारं आधीपासूनच वाहत होतं, फोक्सवॅगनच्या त्या प्रसिद्ध जाहिराती १९५९ पासूनच्या, म्हणजे हाइटमध्ये कोणी केस वाढवायच्या कितीतरी आधीच्या. १९७१ मध्ये कोका-कोलाने टेकडीवर देशोदेशीची पोरं उभी करून गाणं म्हणवलं तेव्हा त्यांना काही फार लांबची उडी मारावी लागली नाही.

शिवाय एक गोष्ट इथे अजून कोणी बोललं नाहीये. हाइटच्या शेजारीच फिलमोर ही काळ्या लोकांची वस्ती, आणि त्याच वर्षांत नगर सुधारणेच्या नावाखाली ती पाडली जात होती. तिथल्या माणसाला गरिबी हा काही महिन्यांचा प्रयोग नव्हता. हाइटमधली बहुसंख्य पोरं गोरी, मध्यमवर्गीय, घरी एक फोन केला की परतीचं तिकीट मिळेल अशी. कायदे बदलले ते नागरी हक्कांच्या चळवळीने, मार खाऊन. व्हिएतनामची सक्तीची भरती १९७३ मध्ये संपली त्यामागेही संघटना बांधणारे, खटले लढवणारे लोक होते, नुसते फुलंवाले नाही.

---

पावसाळी

शून्यवेळ यांच्या शेवटच्या परिच्छेदाला +१. पण 'फुलंवाले' म्हणून सोडून द्यायच्या आधी त्यातल्या बायकांचं बघूया, कारण तळटीप यांनी विचारलंय ना स्वयंपाक कोण करायचं. बायका करायच्या. तो चारचा रस्सा, ती भाजी मागून आणणं, भांडी, ते बहुतेक सगळं डिगर्समधल्या बायकांनी ओढलं आणि भाषणं पुरुषांनी केली. पहाटे मार्केटात जाऊन व्यापाऱ्यांकडून भाजी मिळवायला बायकाच जायच्या. हाइटच्या रस्त्यावर मुलींवर बलात्कार होतायत हे १९६७ च्या वसंतात त्यांच्याच वस्तीत वाटल्या गेलेल्या पत्रकात छापलेलं आहे, बाहेरच्या शत्रूने लिहिलेलं नाही. ज्याला मुक्त प्रेम म्हणत होते त्याची किंमत कोणी मोजली हे वाचल्याशिवाय हा विषय वाचला असं मी म्हणणार नाही.

तरीही मी या लोकांना मोडीत काढत नाही, आणि त्याचं कारण माझ्या पेशातलं आहे. मी प्रसूतितज्ज्ञ आहे. बाळाचं डोकं बाहेर येतं आणि खांदा आईच्या हाडाला अडकून बसतो, शोल्डर डिस्टोशिया म्हणतात त्याला, त्यावेळी हातात मोजकी मिनिटं असतात आणि लेबर रूममधल्या प्रत्येकाला घाम फुटलेला असतो. त्यावेळी करायच्या उपायांपैकी एक म्हणजे बाईला पटकन हात आणि गुडघ्यांवर, चार पायांवर असल्यासारखं उलटं करणं. नुसतं वळण्यानेच पुष्कळदा खांदा सुटतो. याला गॅस्किन मॅन्युव्हर म्हणतात, आणि ज्यांच्या नावाने ते आहे त्या इना मे गॅस्किन डॉक्टर नव्हत्या, त्या हिप्पी होत्या.

गोष्ट अशी की स्टीफन गॅस्किन नावाचा एक माणूस सॅन फ्रान्सिस्कोत दर सोमवारी रात्री व्याख्यानं द्यायचा, शेकडो लोक यायचे, आणि १९७० मध्ये ही सगळी मंडळी जुन्या स्कूल बस घेऊन देशभर फिरायला निघाली. बसमध्येच बायका बाळंत व्हायला लागल्या, मग इना मे आणि बाकीच्या जणी शिकत गेल्या, एका डॉक्टरने सुरुवातीचं शिकवलं. १९७१ मध्ये टेनेसीत जमीन घेऊन त्यांनी 'द फार्म' वसवलं. तिथल्या सुइणींनी प्रत्येक बाळंतपणाची नोंद ठेवली, प्रत्येक. हे उलटं करायचं तंत्र इना मे ग्वाटेमालातल्या पारंपरिक सुइणींच्या पद्धतीतून शिकल्या आणि ते त्यांनी लपवलं नाही. १९९८ मध्ये ८२ केसेसचा अभ्यास वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, लेखकांत इना मेंचं नाव आहे. गावठी सुइणीचं ज्ञान, कम्यूनमधल्या बायकांच्या वह्या, आणि तिथून आमच्या पाठ्यपुस्तकात. मी हे शिकले तेव्हा मागचा हा सगळा इतिहास कोणी सांगितला नव्हता, पोरींना शिकवताना मी आता तो मुद्दाम सांगते.

द फार्म अजून आहे. १९८३ मध्ये कर्ज इतकं झालं की सगळं सामायिक ठेवायची पद्धत बंद करावी लागली, प्रत्येक घराने आपापलं कमवायचं आणि देखभालीचा हिस्सा भरायचा असं ठरलं, आणि बरेच लोक सोडून गेले. इना मेंचं १९७५ चं बाळंतपणावरचं पुस्तक मिळालं तर वाचा, 'स्पिरिच्युअल मिडवाइफरी'. भाषा खूपच त्या काळातली आहे, ती खपवून घ्या, मागचे आकडे बघा.

---

मिनीआपोलिसकर

खाण्याचं मी लिहितो. मिनीआपोलिसमध्ये राहतो, आणि इथली फूड को-ऑप दुकानं ही थेट त्या काळाची पोरं आहेत. आमचं तांदूळ, राजमा, हरभऱ्याची डाळ, मसाले त्यातल्याच एका दुकानातून येतं, उघड्या मोठ्या डब्यांतून आपणच डावाने पिशवीत भरायचं, वजन करायचं, पिशवीवर नंबर लिहायचा. कोणीही थोडे पैसे भरून सभासद म्हणजे मालक होऊ शकतं, वर्षाला निवडणूक होते. महाराष्ट्रातल्या माणसाला सहकार काही नवीन नाही त्यामुळे मला हे वातावरण लगेच ओळखीचं वाटलं.

पण याची जन्मकथा वाचली तेव्हा हादरलो. १९७० च्या सुमाराला एका घराच्या पडवीत पीपल्स पँट्री म्हणून सुरू झालं, लोक ठोक भावात धान्य आणून ठेवायचे, १९७१ मध्ये नॉर्थ कंट्री को-ऑप, आणि बघता बघता शहरभर दुकानं आणि त्यांचं एक सामायिक गोदाम. मग १९७५ मध्ये यांच्यात अक्षरशः मारामारी झाली. एक गट म्हणाला आपण फक्त ब्राऊन राइस आणि मध विकतो, हे कोणासाठी, कामगार वस्तीतल्या बाईला पांढरी साखर आणि डबाबंद भाजी परवडते आणि तिला तेच हवंय, ते आपण ठेवलं पाहिजे. दुसरा गट म्हणाला विषारी खाणं विकायचं असेल तर आपल्यात आणि सुपरमार्केटमध्ये फरक काय. पहिल्या गटाने लोखंडी पाइप घेऊन गोदाम ताब्यात घेतलं. साखरेवरून! पण मला तो प्रश्न आजही खरा वाटतो, कारण आज ऑर्गॅनिक घेणारा माणूस कोण आहे ते दुकानात उभं राहिलं की दिसतं. साखरवाले हरले, चांगलं खाणं जिंकलं, आणि ते महाग झालं. हाच वारसा असेल तर दोन्ही बाजू धरूनच तो सांगायला हवा.

वाचायचं असेल तर वॉरन बेलास्को यांचं 'अपेटाइट फॉर चेंज' (१९८९). टोफू, ग्रॅनोला, गव्हाचा ब्रेड अमेरिकेच्या ताटात कसे आले ते त्यात आहे.

---

तळटीप

बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार सगळ्यांचे. पावसाळी ताई, तुमचा प्रतिसाद मी बहिणीला वाचून दाखवला, ती नर्सिंगला आहे.

आता एक विचारते, आपल्याकडचा खरा धागा कुठला? गोवा माहीत आहे पण तिथे पार्टीच्या पुढे कोणी लिहीत नाही. आणि १९६२ मध्ये अमेरिकन कवी अ‍ॅलन गिन्सबर्ग मुंबईत आला होता म्हणून मराठी लघुअनियतकालिकं त्याच्यामुळे निघाली असं एका ठिकाणी वाचलं, ते पटत नाहीये.

---

जुनापुस्तकवाला

पटू देऊ नका. अरुण कोलटकर, दिलीप चित्रे या कवींचं 'शब्द' हे लघुअनियतकालिक पन्नाशीच्या दशकातलं, गिन्सबर्गच्या आधीचं. अशोक शहाणे, कोलटकर या मंडळींची त्याच्याशी गाठभेट झाली, देवाणघेवाण झाली, पण ती बरोबरीच्या लोकांची. प्रस्थापित मासिकांवरचा राग इथला होता, छपाईचा खर्च आणि संपादकांची मक्तेदारीही इथलीच. आपल्याकडे काही घडलं की बाहेरून कोण आलं होतं ते आधी शोधायचं, या सवयीचा मला खरंच त्रास होतो.

---

नगरी_मुक्काम

आपल्याकडचा खरा धागा नगरजवळ आहे आणि तो कोणी लिहीत नाही. मेहेरबाबा. पुण्यात जन्म, अरणगावजवळ मेहेराबाद, १९२५ पासून मौन. १९६५ च्या सुमाराला अमेरिकन पोरं त्यांना पत्रं लिहायला लागली, काही तर मजल दरमजल करत इथवर पोचली, आणि प्रश्न एकच, की एलएसडीने देव दिसतो असं सगळे म्हणतायत, खरं का? एलएसडीचा प्रचारक टिमथी लिअरी याचा हार्वर्डमधला सहकारी रिचर्ड अल्पर्ट, जो पुढे राम दास झाला, त्यानेही विचारलं होतं. बाबांनी स्पष्ट कळवलं की ही द्रव्यं शरीराला, मनाला आणि आध्यात्मिकदृष्ट्याही घातक आहेत, आणि आलेल्या पोराला सांगितलं की परत जा आणि तिथल्या मुलांना हे सांग. १९६६ मध्ये त्या मजकुराची 'गॉड इन अ पिल?' ही पुस्तिका निघाली आणि अमेरिकेत कॉलेजांतून वाटली गेली.

मला यात विशेष हे वाटतं की तेव्हा एलएसडीवर ओरडणारे बहुतेक लोक पोलीस, आईबाप नाहीतर सेनेटर होते, पोरं त्यांचं ऐकत नव्हती. हा माणूस म्हणत होता तुमची तहान खरी आहे, रस्ता खोटा आहे. त्यामुळे ऐकलं. 'द हू'चा पीट टाउनशेंड त्यांचा भक्त झाला. बाबा ३१ जानेवारी १९६९ ला गेले, तरी त्या वर्षी एप्रिल ते जून पुण्यात ठरलेला दर्शनाचा कार्यक्रम झाला आणि पाश्चात्त्य तरुण आले, रिकाम्या खुर्चीला नमस्कार करायला. मेहेराबादला आजही अमरतिथीला, म्हणजे बाबांच्या पुण्यतिथीला, त्या पिढीतली, आता ऐंशीकडे झुकलेली माणसं दिसतात.

योगाबद्दल एक, तोही सरसकट हिप्पींच्या खात्यावर टाकू नका. पुण्याच्या अय्यंगार गुरुजींना व्हायोलिनवादक मेन्युहिन १९५२ मध्येच भेटले, त्यांचं 'लाइट ऑन योगा' १९६६ चं, आणि लंडनमध्ये १९६९ पासून तो पसरला तो सरकारी प्रौढशिक्षणाच्या संध्याकाळच्या वर्गांतून, घरकाम आवरून येणाऱ्या बायकांमधून.

---

सध्या_बार्देश

गोव्याचं सांगतो, अंजुणच्या बाजूचाच आहे.

आमच्याकडच्या जुन्या लोकांना विचारलं तर पहिली आठवण नंगेपणाची सांगतात, दुसरी भाड्याची. मासेमारी करणारी, माडाची सूर, म्हणजे माडी, काढणारी घरं, आणि अचानक एक खोली भाड्याने दिली की महिन्याचा वाणसामान खर्च निघायला लागला. हे लोक 'साधं राहतात' याचं आमच्याकडे फार कौतुक नव्हतं, कारण १९६६ च्या अवमूल्यनानंतर डॉलरला साडेसात रुपये मिळत होते, थोड्या डॉलरांत महिनोन्महिने राहता यायचं. ती साधी राहणी आमच्या स्वस्ताईवर उभी होती. पण सगळेच तसे नव्हते. आठ बोटांचा एडी म्हणून ज्याला सगळे ओळखायचे, आर्मेनियन वंशाचा अमेरिकन, तो येणाऱ्याजाणाऱ्यांना घरी जेवू घालायचा, इथेच राहिला आणि २०१० मध्ये इथेच गेला. बुधवारचा अंजुणचा बाजारही अशाच लोकांनी सुरू केला, पैसे संपले की कॅमेरा, जीन्स, टेप विकून परतीचा खर्च काढायचा. नंतर त्या बाजारात कोण कोण आलं ते सगळ्यांना माहीत आहे.

इस्तंबूल, तेहरान, काबूल, पेशावर करत येणारी बसची वाट १९७९ मध्ये इराणची क्रांती आणि अफगाणिस्तानात रशियन फौजा यामुळे तुटली. १९८५ मध्ये अमली पदार्थांचा कायदा आला आणि चरस-गांजा, ज्याची आधी सरकारी परवान्याची दुकानं होती, तो गंभीर गुन्हा झाला. त्यानंतर जे आले ते विमानाने आले, दोन आठवड्यांच्या सुट्टीवर, आणि त्यांच्याबरोबर हॉटेलं आली. आज आमच्याकडे विहिरींचं पाणी आणि डोंगरकापणीवरून जे भांडण चाललंय त्याची सुरुवात हिप्पींपासून झाली असं मी म्हणणार नाही, पण हा किनारा मोकळा पडलाय, कोणीही यावं, ही जाहिरात त्यांच्या फोटोंवरच उभी राहिली. अजून ते फोटो हॉटेलांच्या भिंतींवर आहेत. घर भाड्याने देणाऱ्या बाईचा एकही फोटो मी पाहिलेला नाही.

---

शून्यवेळ

बार्देशकर, हे जरा सविस्तर लिहा ना, वेगळा धागा काढून. त्या घरमालकिणींशी बोलून कोणी लिहिलं पाहिजे, आणि ते आता नाही झालं तर नंतर विचारायला कोणी उरणार नाही.

---

सध्या_बार्देश

आजीच्या शेजारच्या दोघी आहेत अजून. चतुर्थीला घरी जाईन तेव्हा विचारून बघतो, कोकणीत बोलतील, रेकॉर्ड करून इथे मराठीत टाकतो.

---

तळटीप

नक्की टाका, मी वाट बघतेय. जुनापुस्तकवाला, शेवटचं एक, यातलं फुकट आणि कायदेशीर काय वाचता येईल? सगळी पुस्तकं लगेच विकत घेणं जमणार नाही.

---

जुनापुस्तकवाला

'होल अर्थ कॅटलॉग'चे जुने अंक २०२३ पासून पूर्ण स्कॅन करून नेटवर मोफत ठेवलेत, 'होल अर्थ इंडेक्स' शोधा, मोठ्या स्क्रीनवर बघा, फोनवर मजा नाही. डिगर्सची मूळ पत्रकं 'डिगर्स अर्काइव्ह्ज'वर आहेत, पावसाळी म्हणाल्या ते १९६७ चं पत्रकही त्याच काळातल्या कागदांत सापडेल. आधी कॅटलॉगचं १९६८ चं पहिलं पुस्तक चाळा, मग पत्रकं, मग कोयोटी. टर्नर सगळ्यात शेवटी. ब्रेडची कृतीही आहे त्या अर्काइव्हमध्ये, कॉफीच्या डब्याच्या मापाने दिलेली.